आसूढाळ घोडीबरोबर पालीपर्यंत

युसूफ वडगाव

बीड जिल्ह्यात जातोय म्हटल्यावर पुण्यात तिघांनी विचारलं, तिथं बघण्यासारखं काय आहे? मी बघायला गेलो नव्हतो. माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता आणि पत्रकावर लाल अक्षरांत मथळा होता, 'घोडा नाचत नाही, घाबरतो'. मथळा माझा, चित्र संघटनेतल्या निखिलचं.

ज्यांनी वरातीतला नाचरा घोडा फक्त टाळ्या वाजवत पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो. आतल्या बाजूला खिळे असलेला लगाम घोड्याच्या तोंडात घालतात. पाय दोरीनं आवळतात. हलगी सुरू होते आणि ती वाजतेय तोवर छडी थांबत नाही. काही आठवड्यांनी छडी लागत नाही, नुसती हलगी पुरते. याला लोक कला म्हणतात. मी याला काय म्हणतो ते पत्रकात आहे.

आमच्या संघटनेत कधी काळी अकरा जण होते. काहींना नोकऱ्या लागल्या, काहींची लग्नं झाली, आणि त्यातल्या दोघांच्या वरातीत घोडा होता. आता फोनवरच्या गटात मी आणि बेंगळुरूला गेलेला निखिल, एवढेच उरलो होतो. गटातले शेवटचे चौदा निरोप माझेच होते.

मला बोलावलं ते केज तालुक्यातल्या जनावरांच्या एका डॉक्टरनं. त्याला माझं पत्रक कुठल्याशा चहाच्या टपरीवर सापडलं होतं. फोनवर म्हणाला, "युसूफ वडगावात एक घोडी आहे. तोंड फाटलंय. मी सुई देतो, पण तोंड रोज धुवायला हवं आणि ती कुणाला जवळ येऊ देत नाही. धुतलं नाही तर आठवड्याभरात खाणं सोडेल. तुम्ही लोक प्रेमानं शिकवा म्हणता ना? मग या."

या वाक्यातला टोमणा मला कळला. म्हणूनच गेलो.

घोडी आबांची होती. आबा म्हणजे गावातले मोठे शेतकरी, पांढरे कपडे, दारात दोन ट्रॅक्टर, बोलणं गोड. चहा आला, मग हुरडा आला, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. मी भांडायच्या तयारीनं आलो होतो आणि हुरडा इतका कोवळा होता की मला स्वतःचाच राग आला. आमच्याकडं पुण्यात हुरड्याला तिकीट लावतात. इथं भांडायला आलेल्या माणसालाही तो हातावर चोळून देतात.

निवडणुकीच्या मिरवणुकीसाठी आबांनी ही नाचरी घोडी आणली होती. पांढरीशुभ्र, लांब मानेची. अर्ज भरायच्या दिवशी ती नाचली. निकालाच्या दिवशी नाचायची वेळच आली नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की तिच्या डाव्या डोळ्याच्या खाली, जिथून आसू ओघळतं त्या जागी, केसांची भोवरी आहे.

"आसूढाळ म्हणत्यात तिला," आबा म्हणाले. "मालकाला रडवती. माझी शीट गेली."

"शीट भोवरीनं गेली की मतांनी?" मी विचारलं.

"मतं भोवरीनं गेली," आबा हसून म्हणाले आणि माझ्यापुढं आणखी हुरडा सरकवला.

त्यानंतर ती नुसती बांधून होती. लगाम काढायला चौघांनी तिला जमिनीवर पाडली, आणि त्या दिवसापासून तोंडाजवळ हात आला की ती चावत होती. ओठाचे कोपरे चिरले होते. ज्वारीच्या पिठाची पातळ पेज तेवढी ती एका बाजूनं ओढत होती. लगाम गोठ्यात खिळ्याला टांगलेला होता. आतल्या काट्यांवर सुकलेलं रक्त तसंच होतं. मी तो आबांकडं मागितला. प्रदर्शनात मांडायला अशी वस्तू मी दोन वर्षं शोधत होतो. पत्रक लोक घडी घालून खिशात टाकतात, या वस्तूपुढं गप्प झाले असते.

"न्या की," आबा म्हणाले. मी तो पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात घातला.

डॉक्टरनं आणखी एका माणसाला बोलावलं होतं. तो दुपारी एसटीनं आला. मेहबूबचाचा, बीडजवळच्या पालीचे. साठीच्या पुढचे, हाडकुळे, उजवं मनगट कधीतरी मोडून वाकडं बसलेलं. बीडच्या स्टँडवर त्यांनी जन्मभर टांगा चालवला. छडीशिवाय घोडा सरळ करणारा माणूस, अशी त्यांची ओळख डॉक्टरनं करून दिली होती. त्यांच्याकडं एक बादली, सुताची लांब दोरी, हळदीची पुडी आणि तुपाचा डबा होता.

मी त्यांना पत्रक दिलं. त्यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं.

"उर्दूत न्हाई का?"

"नाही."

"मला वाचता उर्दू येतं, बोलता मराठी येतं. तुमचा परचा माझ्या कामाचा न्हाई, परचेवाले." आणि त्यांनी तो बादलीच्या बुडाशी नीट अंथरला.

तेव्हापासून मी परचेवाले झालो.

चाचांनी घोडीकडं पाहिलंसुद्धा नाही. तिच्यापासून दहा पावलांवर गेले, तिच्याकडं पाठ करून जमिनीवर बसले आणि बसूनच राहिले. मला वाटलं, प्रवासानं थकले असतील. तासाभरानं जवळ जाऊन विचारलं, सुरुवात कधी करणार?

"कवाच केली," ते म्हणाले. "हिच्याकडं जे आलं ते तोंड करून आलं. पाठ कुणी दावली न्हाई. बघू द्या तिला."

आबांनी पुन्हा भोवरीचं सांगितलं. मला वाटलं, चाचा ते हसण्यावारी नेतील. पण ते गंभीरपणे म्हणाले, "भोवरी खरी असती, आबा. पण माझं रडायचं झालंय सगळं. बायको गेली, टांगा गेला, पोरगी सोलापूरला सासरी. हिला माझ्याकडं काय काम उरलंय?"

अंधश्रद्धेवरचं माझं भाषण तयार होतं. ते मी गिळलं, पण पटलं म्हणून नाही.

ठरलं ते असं. आबा घोडी चाचांना देणार, नाहीतर येत्या बाजाराला दलालाचा ट्रक येणारच होता. टेम्पोत घालायची नाही, कारण चढवताना तिला तीनदा मार बसला होता. पाय ठणठणीत होते, डॉक्टरनं सुई देऊन चालायला परवानगी दिली. पालीपर्यंत चालत न्यायची. आणि चाचांची स्वतःची अट होती. "पालीला पोचेस्तोवर तिनं तोंडाला हात लावू दिला तर ठेवीन. हे मनगट बघा. ओढून धरायची ताकद माझ्यात न्हाई. तिनं आपणहून दिलं तरच हुईल."

"आणि नाही दिलं तर?"

चाचा दोरी गुंडाळत राहिले.

केजच्या रस्त्यानं

पहाटे निघालो. पुढं चाचा, मागं सैल सोडलेल्या दोरीच्या टोकाला घोडी, तिच्या मागं मी. चाचा तिला नाव घेऊन हाक मारत नव्हते. नुसतं "चल बाई" म्हणायचे, तेही मागं न बघता. दोरी कधी ताणली गेली की तेच थांबायचे, ओढायचे नाहीत. घोडी थांबली की आम्ही थांबायचो. ती एका बाभळीपाशी अर्धा तास थांबली. मी पत्रकात 'संयम' हा शब्द चार वेळा वापरलाय. त्या बाभळीखाली मला कळलं की तो मी कधी वापरला नव्हता.

थंडीचे दिवस. दोन्हीकडं ज्वारी उभी, मधूनच हरभरा, कापसाची वाळकी पळाटी. उसाच्या गाड्या सारख्या येत होत्या. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर देव्हाऱ्याएवढे स्पीकर. केजच्या अलीकडं असाच एक ट्रॅक्टर आमच्या शेजारी रेंगाळला. स्पीकरवर हलगी सुरू झाली.

घोडी नाचायला लागली.

तिच्या तोंडात लगाम नव्हता. छडी नव्हती. पाय मोकळे होते. ती रस्त्याच्या कडेला पुढचे पाय आलटून पालटून उचलत होती, मान कमानीसारखी आत ओढलेली, डोळ्यांचं पांढरं दिसतंय, अंगाला घाम सुटलाय. ट्रॉलीवरच्या पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. एक जण फोन काढून ओरडला, "ए काका, लई भारी नाचती की."

मी ट्रॅक्टरपुढं जाऊन उभा राहिलो. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ड्रायव्हरनं आवाज बंद केला आणि मला शांतपणे विचारलं, "कावून चिडतो बे? घोडी तुझी हाय का?"

मी रस्त्यातून बाजूला होऊन खाली बसलो.

हलगी थांबली तरी घोडी नाचतच होती. चाचा तिच्यापासून लांब गेले, दोरी पूर्ण सैल सोडून, पाठ करून, रस्त्याकडेच्या मातीत बसले. आणि त्यांनी जांभई दिली. चांगली लांब, आवाज काढून. मग दुसरी. घोडीचे पाय मंदावले. तिसऱ्या जांभईला तिनं मान सोडली, जीभ बाहेर काढून ओठ चाटले. जखमी ओठ तिनं आपणहून हलवला तो मी प्रथमच पाहिला. मग एक पाऊल चाचांकडं. आणखी एक. तिचं नाक त्यांच्या टोपीपासून वीतभर अंतरावर आलं.

फोटो काढावा म्हणून मी उठलो. घोडी झटक्यात मागं सरली, दोरी चाचांच्या हातातून सरसर निघाली.

"अजून न्हाई तिचं मन," चाचा तळहाताकडं बघत म्हणाले. साल निघाली होती.

नेकनूरच्या अलीकडं पुन्हा तसंच झालं. एका शेतात आम्ही भाकरी खायला बसलो होतो. शेतकरणीनं ठेचा दिला, घोडीसाठी पीठ कालवून दिलं, आणि मला विचारलं, "लगीन झालं का? न्हाई? मग असं घोडीमागं फिरल्यावर कोण देईल पोरगी?" मी म्हटलं, मला नकोय. ती म्हणाली, "असं एकट्यानं जेवणारं माणूस मला बघवत न्हाई," आणि माझ्या समोर येऊन बसली. घोडी तिकडं लांब पाठ करून बसलेल्या चाचांच्या खांद्यापर्यंत आली होती. मी ताट ठेवायला उठलो, पिशवी खांद्याला अडकवली, आणि ती पुन्हा लांब.

तीन दिवसांत ती चाचांच्या जवळ येऊ लागली होती, मी बसलेला असेन तोवर. माझ्याकडं मात्र ती एकदाही वळली नाही. जनावरांना माणूस कळतो, असं आमच्या पत्रकात छापलंय. संध्याकाळी कुणाच्या तरी खळ्यावर पडल्या पडल्या मी त्या वाक्याचा विचार करत असे. तिला माझ्यात काय कळलं होतं?

मांजरसुंबा

मांजरसुंब्याला मोठा रस्ता लागतो. धाबे, टायरवाले, वेल्डिंगची दुकानं, सोलापूरकडं धावणारे ट्रक. एका धाब्याच्या मागं मोकळ्या जागेत घोडी बांधली. चाचा नमाजाला गेले. तिला पाणी द्यायला म्हणून मी पिशवी बाजेवर ठेवली आणि बादली घेऊन गेलो.

ती हलली नाही. मी चार पावलांवर, दोन पावलांवर. तिनं माझ्या हातातल्या बादलीतच तोंड घातलं. कानाची टोकं बाहेरच्या बाजूला सैल पडलेली. पाणी तिच्या फाटलेल्या ओठातून परत गळत होतं आणि मी श्वाससुद्धा घेत नव्हतो.

पाणी संपलं. मी बाजेकडं आलो, फोन काढायला पिशवी उचलली. पिशवीत बारीकसं खणखणलं. घोडीचे कान ताठ झाले, मान वर गेली.

मी पिशवी खाली ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा तेच.

चार दिवस मी तिच्या मागून चालत होतो आणि प्रत्येक पावलागणिक तो लगाम माझ्या पाठीवर वाजत होता.

चाचा आल्यावर मी त्यांना सांगितलं. त्यांना आधी काही समजेना. मी पिशवी त्यांच्या उजव्या कानाशी हलवून दाखवली. डाव्या कानानं त्यांना ऐकूच येत नाही, स्टँडवरच्या गाड्यांच्या हॉर्ननं तो कधीच गेला, हे मला तेव्हा समजलं.

"चार दिस?" ते म्हणाले. "ज्यानं फाडलं तेच घिऊन तिच्या मागं फिरतोस बे? अन् मी म्हणतो हिचं मन कावून होईना."

तोवर ते मला तुमी म्हणत होते.

"पुरावा आहे तो," मी म्हटलं. "लोकांना दाखवायचाय. असं दुसऱ्या घोड्याचं होऊ नये म्हणून."

"दाव की. घे अन् जा. हितनं पुण्याची गाडी मिळती. पण आमच्यासंगट न्हाई."

ते बरोबर बोलत होते आणि मीही बरोबर बोलत होतो, असं मला आजही वाटतं. मी बाजेवर बसून राहिलो. पुण्याला गेलो असतो तर लगाम टेबलावर मांडला असता, त्यापुढं खुर्ची टाकून मी बसलो असतो आणि शेजारची निखिलची खुर्ची रिकामी असती.

मी पलीकडच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. मिस्त्री बीडचा, इक्बाल म्हणून. लगाम उलटासुलटा करून म्हणाला, "कापायचा? कावून? चांगला मजबूत हाय."

"म्हणूनच."

त्यानं कारण विचारलं, मी सांगितलं. त्यानं काटे एकेक करून उडवले, कडीचे दोन तुकडे केले. ठिणग्या माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर पडल्या तेव्हा त्यानं पायानं विझवल्या. तुकडे त्यानं भंगाराच्या ढिगात फेकले. कुठले ते लगेच ओळखू येईनात. दोन वर्षं शोधलेली वस्तू होती ती.

परत आलो तेव्हा चाचांनी घोडी सोडली होती. त्यांनी माझ्या रिकाम्या कप्प्याकडं पाहिलं आणि दोरीचं टोक माझ्याकडं केलं.

"धरा, परचेवाले. पुढं तुमी चाला."

पाली

घाट उतरताना मी पुढं, घोडी मागं. वळून बघायचं नाही, एवढंच चाचांनी सांगितलं होतं. तिच्या खुरांचा आवाज ऐकत होतो. तो कधी लांब पडायचा, कधी इतका जवळ यायचा की मानेवर ऊब जाणवायची. उतारावर एक ट्रक हॉर्न देत गेला. दोरी थरथरली. मी थांबलो आणि रस्त्याच्या मधोमध शहाण्या माणसासारखा जांभया देत उभा राहिलो.

दुपार कलल्यावर बिंदुसरा नदीचं पाणी दिसलं. पालीचं धरण म्हणजे फार मोठं काही नाही. डोंगरांच्या कुशीत पसरलेलं पाणी, काठावर वाळलेला गाळ, दोनचार बगळे. चाचांचं घर इथून दिसतं, पत्र्याचं, पुढं लिंबाचं झाड. टांगा अजून त्या झाडाखाली आहे, चाकं नसलेला. चाचा लिंबाचा पाला उकळून आणायला घरी गेले. जाताना म्हणाले, "आज न्हाई दिलं तर उद्या डॉक्टरला फोन करू. पाडून धुवंल तो." मग थांबून, "मग ती हितं ऱ्हानार न्हाई. पुन्हा कुणाचीच व्हनार न्हाई."

मी घोडीला पाण्याजवळ सैल सोडली आणि पाठ करून काठावर बसलो. चार दिवसांत पहिल्यांदा फोनला नीट रेंज आली. मांजरसुंब्याहून मी गटात लिहिलं होतं, 'लगाम तोडला. घोडी पाणी प्यायली.' त्याखाली उत्तर नव्हतं. राखाडी अक्षरांत एक ओळ होती. निखिल गटातून बाहेर पडला होता.

त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. त्यानं बहुधा असे पाच सहा गट एका झटक्यात साफ केले असतील. पण आता त्या गटात मी एकटा होतो, आणि मी कुणाला कळवत होतो? मी फोन खिशात ठेवला. समोर पाणी होतं. मी रडलो. मोठ्यानं नाही, पण थांबवताही येईना असं. मी शेवटचा कधी रडलो ते आठवत नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मागं गाळावर खूर वाजला. मग काहीच नाही. मग माझ्या उजव्या खांद्यावर काहीतरी जड, ओलं, गरम येऊन टेकलं. तिची हनुवटी. जखमेचा वास आला. श्वास माझ्या कानात येत होता, हळू, लांब.

मी वळलो नाही. चाचा बाजूचा चढ उतरून येताना दिसले. एका हातात बादली, दुसऱ्यात तुपाचा डबा, खांद्यावर धुतलेलं फडकं. त्यांनी आधी घोडीकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं. माझे गाल पुसायला हात मोकळा होता, पण हलायची भीती वाटत होती.

चाचा जवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "घ्या. भोवरी खरी निघाली. मालक घावला तिला."

मला हसू आलं आणि हसणं खांद्यापर्यंत येऊ द्यायचं नव्हतं. भोवरीवर माझा विश्वास नाही. आजही नाही, आणि पत्रकात मी तसंच छापणार आहे.

चाचा गुडघ्यावर बसले, आमच्याकडं अर्धी पाठ करून. फडकं लिंबाच्या कोमट पाण्यात बुडवलं, पिळलं. वरच्या रस्त्यावरून बीडची एसटी हॉर्न वाजवत आली. त्याच गाडीनं मला जायचं होतं. घोडीचा जबडा माझ्या खांद्यावर ताठरला, सैल झाला. गाडी थांबली, निघून गेली.

वाकड्या मनगटाचा हात माझ्या कानाजवळून पुढं गेला आणि फडकं तिच्या ओठाच्या कोपऱ्याला लागलं. ती थरारली. तो थरार माझ्या पाठीतून खाली गेला. पण तिनं तोंड उचललं नाही. हळद घातलेलं तूप वितळून माझ्या सदऱ्यावर ठिबकत होतं.

"अजून दुसरी बाजू ऱ्हायलीय," चाचा कुजबुजले. "हलू नको बे."

मी हललो नाही.